बुधवारची मुक्कामी गाडी

भोसरीच्या एका कारखान्याच्या गेटवर मी नऊ महिने उभा होतो. खाकी कपडे, कमरेला पट्टा, काखेत रजिस्टर. हा माणूस रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला आहे, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मग इथं काय करतोस? त्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक होतं, आणि गेटवर थांबायला कुणाला वेळ नसतो.

आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच. माण तालुक्यातलं कोरडं गाव. वडील मेंढरं राखायचे. त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. तालुक्याच्या शाळेतल्या हेडमास्तरांनी स्वतःच्या खर्चानं मला एसटीत बसवून साताऱ्याला नेलं आणि वसतिगृहात घातलं. सकाळी बागेला पाणी घालायचं, मग कॉलेज, संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकऱ्या मोजून द्यायच्या. त्या वसतिगृहाचे आणि त्या हेडमास्तरांचे उपकार माझ्यावर आहेत. पुढं जे काही चांगलं झालं ते तिथून सुरू झालं, असं मी मानतो.

बासष्टच्या हिवाळ्यात चीनची लढाई झाली तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षा संपल्यावर ऑफिसर व्हायला म्हणून गेलो. लेखी परीक्षा पास झालो, पण मुलाखतीत इंग्रजी बोलता येईना. साहेब काय विचारतात ते कळायचं. उत्तर तोंडातून बाहेर येईपर्यंत ते पुढच्या प्रश्नावर गेलेले असत. गावी परत जाऊन वडिलांना काय सांगायचं, या धाकानं साधा जवान म्हणून भरती झालो. शास्त्र शिकलेला म्हणून मला उत्तरेतल्या एका दारूगोळ्याच्या डेपोत धाडलं. तिथं पंधरा वर्षं काढली.

डेपोत शिरताना प्रत्येकाची झडती होई. बिडी, काडेपेटी, तळाला खिळे असलेले बूट, सगळं फाटकाबाहेर ठेवायचं. कमांडंट साहेब आले तरी तेही हात वर करून पहारेकऱ्यापुढं उभे राहत. पेटी कशी उचलायची, किती उंच रचायची, पाय कुठं ठेवायचा, कुणी ‘थांब’ म्हटलं तर का म्हणून न विचारता कसं थांबायचं, हे मी तिथं शिकलो आणि नंतर दुसऱ्यांना शिकवलं. माझ्या हाताखालचा एकही माणूस जखमी झाला नाही. याचा मला अभिमान होता आणि आहे.

पण मन गावाकडं असे. लग्न झालं पासष्टला. बायको गावी, माझ्या आईजवळ. वर्षातून एकदा सुटी. मुलगी झाली तेव्हा तार आली. मी तिला पाहिलं तेव्हा ती बसायला लागली होती. परका माणूस बघून रडली. पुढच्या सुटीत ती चालत होती आणि पुन्हा रडली. पंधरा वर्षांत आम्ही तिघं एका छपराखाली एकूण किती दिवस राहिलो, हे मी कधी मोजलं नाही. मोजायची भीती वाटायची.

अठ्ठ्याहत्तरच्या सुरुवातीला हवालदार म्हणून फौजेतून सुटलो. बायकोला म्हणालो, “आता सगळे एकत्र राहायचं.”

ती म्हणाली, “पोरगी सहावीत हाय. सातवीनंतर गावात शाळा न्हाई. त्याच्या आत काय ते करा.”

म्हणजे माझ्याकडं पुढच्या वर्षाच्या जूनपर्यंतची मुदत होती. तोवर पुण्याकडं नोकरी, राहायला जागा, आणि मुलीला आठवीत प्रवेश. आई म्हणाली, पोरीच्या जातीला सातवी पुष्कळ झाली. मी शिकलो म्हणून घरात कंदील जाऊन वीज आली होती, आणि माझ्याच मुलीचं शिक्षण सातवीला थांबणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी दापोडीत रेल्वे लायनीजवळ एका गॅरेजवरची खोली घेतली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी पायाखाली घातली. त्या सुमारास मोठ्या कारखान्यांनी अपघात टाळण्यासाठी सुरक्षा अधिकारी नेमावा, असा नवा नियम आला होता. पेपरात ते वाचलं तेव्हा वाटलं, हे काम माझंच आहे. पंधरा वर्षं दुसरं केलं काय? अर्ज लिहिले, सर्टिफिकिटांच्या नकला जोडल्या. मिलिटरीवाला म्हटल्यावर समोरचा माणूस एकदा छातीकडं बघे, एकदा मिशीकडं, आणि म्हणे, “वा! उद्यापासून गेटवर या.”

“साहेब, मी सेफ्टीसाठी अर्ज केलाय. बी.एस्सी. आहे.”

“हो हो. पण आम्हाला इंजिनिअर पाहिजे.”

गॅरेजचे मालक, माझे घरमालक, मुसलमान गृहस्थ होते. हात कायम ग्रीसनं काळे, बोलणं गोड. मी संध्याकाळी परत आलो की ते गाडीखालूनच विचारायचे, “काय हवालदारसाहेब, झाली का फत्ते?” मी नाही म्हटलं की म्हणायचे, “फौजी आदमीला इथं दोनच कामं. कारखान्याचं गेट, न्हाई तर बँकेचं दार. बँकेत पंखा असतो, बघा.” चार महिन्यांनी मी भोसरीचं गेट घेतलं. त्यांनी खाली बोलावून चहा पाजला. हसले नाहीत.

कारखान्यात पत्र्याचे भाग निघत. मोठे प्रेस होते. वरून हातोड्यासारखा भाग खाली येऊन पत्र्याला आकार देई. जमीन सारखी हादरायची. पहिले काही दिवस मला तो आवाज ऐकून डेपोची आठवण यायची. गंमत म्हणजे डेपोत आवाज नव्हताच. तिथं आवाज होणं म्हणजेच अनर्थ. मग मला आठवण येत होती ती त्या शांततेची, संध्याकाळच्या हजेरीची, लंगरबाहेर थाळी घेऊन बसलेल्या माणसांची. पंधरा वर्षं मी तिथून घराकडं बघत होतो. आता घराच्या जवळ येऊन तिथली ओढ लागली होती, आणि घर तर अजून आलंच नव्हतं. बायकोचं पत्र यायचं. दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. मग काही महिन्यांनी अक्षर बदललं. पत्र मुलगी लिहू लागली होती. “बाबा, खोली मिळाली का?” एवढं एक वाक्य प्रत्येक पत्रात असे.

आमच्या भागाची साप्ताहिक सुटी गुरुवारी. त्यामुळं बुधवार हा वेगळाच दिवस असे. प्रेसवरचे बरेच जण खेड तालुक्यातले, चाकणच्या आतल्या गावांतले. आठवडाभर भोसरीत चार-चार, पाच-पाच जण एका खोलीत राहायचे आणि बुधवारी घरी जायचे. त्यांच्या गावांकडं जाणारी मुक्कामी गाडी, म्हणजे संध्याकाळी जाऊन गावातच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी एसटी, चाकणहून सहाला सुटे. आमची पाळी संपायची साडेपाचला. साडेपाचला गेटबाहेर पडून ती गाडी मिळणं शक्य नव्हतं. म्हणून एक न लिहिलेली रीत पडली होती. बुधवारी ज्याचा कोटा पुरा झाला, म्हणजे ठरलेले नग काढून झाले, त्याला फोरमन साडेचारलाच गेटपास देई. साडेचारपासून माझ्यापुढं रांग लागायची. धुतलेले कपडे, केसांना तेल, पिशवीत पोरांसाठी खाऊ. मी पास घ्यायचो, रजिस्टरात वेळ लिहायचो.

“हवालदार, लवकर लिव्हा ओ. तुमची ती मोत्यासारखी अक्षरं गुरवारी काढा.”

“लिहितोय की राव.”

“ह्यांना काय घाई? ह्यांची बायको पत्रातच राहती!”

सगळे हसायचे. मीही हसायचो. मला त्यांचा हेवा वाटायचा. माझं गाव लांब. महिन्यातून एकदा जायचो, तेही पळत जाऊन पळत यायला. हे दर बुधवारी घरी जेवणार होते.

त्या रजिस्टरात आणखी एक रकाना होता. जखमी होऊन दवाखान्यात जाणारा माणूसही गेटवरूनच बाहेर पडे, त्याची वेळ आणि कारण मी लिहायचो. एका बुधवारी चारच्या सुमाराला तिशीतला एक प्रेस ऑपरेटर दोघांच्या आधारानं गेटवर आला. उजव्या हाताला पुसायच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि त्या लाल झाल्या होत्या. दोन बोटांची पेरं गेली होती. मी रिक्षा थांबवत होतो. त्यानं मला हाक मारली आणि विचारलं, “हवालदार, दवाखान्यातनं चाकणची गाडी गावंल का?”

मी डेपोत जखमा पाहिल्या नव्हत्या, कारण तिथं होऊच दिल्या नाहीत. पण त्या प्रश्नानं मी जास्त हादरलो. त्याला बोटांचं काही वाटत नव्हतं असं नाही. ते त्याला अजून कळलं नव्हतं. त्याला घर कळत होतं.

रिक्षा गेल्यावर मी रजिस्टर मागं चाळलं. हात, बोट, बोट, हात. आणि तारखा पाहत गेलो तसं लक्षात आलं की त्यातले बहुतेक बुधवार होते, आणि वेळ दुपारनंतरची.

दुसऱ्या आठवड्यात मी प्रेस शॉपमधल्या सर्वांत जुन्या ऑपरेटरला गाठलं. पन्नाशीचे होते, चाकणच्या आतल्या गावातले, जुन्या शेतकरी घरातले. सगळे त्यांना दादा म्हणत.

“दादा, बुधवारीच का हो असं होतं?”

“काय व्हतंय?”

“बोटं.”

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. तंबाखू मळायला घेतली. “हवालदार, प्रेसला दोन बटनं असत्यात. एक ह्या हाताला, एक त्या हाताला. दोन्ही दाबल्याबगर प्रेस खाली येत न्हाई. म्हंजी हात आत ऱ्हात न्हाईत.”

“मग?”

“मग बुधवारी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापायची, आन् एक बटन दाबून बांधून टाकायचं. एक हात मोकळा. एका हातानं बटन, दुसऱ्यानं माल. नग भराभरा पडत्यात.”

“फोरमनला माहीत आहे?”

“फोरमनला कोटा म्हाईत हाय.”

 डेपोत असं कुणी केलं असतं तर मी त्याला त्याच क्षणी बाहेर काढलं असतं.

“तुम्हीही कोटा पुरा करायला पट्टी बांधता, दादा?”

“व्हय. माझं नशीब बरं हाय.” त्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. “राव, हे कुणाला सांगू नका. सांगितलं तर आमचं बुधवारचं लवकर सुटणं जाईल. म्हातारी आंधळी झालीय घरी. माझ्या पायाचा आवाज वळखती. बुधवारी वसरीवर येऊन बसती ती.”

मी मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती ऐकल्याची, हे मी स्वतःलाही विचारलं नाही.

फेब्रुवारीत कारखान्याच्या नोटीस बोर्डावर कागद लागला: सुरक्षा अधिकारी पाहिजे, आतल्या माणसांनीही अर्ज करावा. शिवाय कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. गेटवरच्या माणसांना क्वार्टर नव्हतं. मी अर्ज केला आणि त्यात प्रथमच इथं बी.एस्सी. लिहिलं.

मुलाखत वर्क्स मॅनेजरांनी घेतली. पुण्याचे, सरळ बोलणारे. “हवालदार, तुम्ही बी.एस्सी.? नऊ महिने बोलला नाहीत!” मग खुर्चीकडं बोट केलं. मी बसलो. “माझ्याकडं दोन इंजिनिअर आलेत बाहेर. त्यांच्यापेक्षा तुम्हाला काय जास्त माहीत आहे ते सांगा.”

मला माहीत होतं ते एकच होतं. खिशात मुलीचं पत्र होतं. सातवीची परीक्षा महिन्या-दीड महिन्यावर आली होती. पण खरं सांगायचं तर मला त्या चिंध्या गुंडाळलेल्या हाताचीही आठवण आली. दोन्ही कारणं होती. त्यातलं आधी कुठलं आलं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

मी म्हणालो, “साहेब, बोटं बुधवारी जातात.” आणि सगळं सांगितलं. पट्टी, कोटा, चाकणची गाडी. दादांचं नाव घेतलं नाही. पुढं मी असंही म्हणालो की दोष माणसांचा नाही, ओढीचा आहे. बुधवारी पाळी तासभर आधी सुरू करावी, किंवा त्या दिवशीचा कोटा कमी करावा. मग कुणी पट्टी बांधणार नाही.

साहेबांनी रजिस्टर मागवलं, बराच वेळ पानं उलटली. “इतकी वर्षं मी इथं आहे, माझ्या हे लक्षात आलं नाही,” ते म्हणाले. उठून त्यांनी माझा हात हातात घेतला.

नोकरी मला मिळाली. सुरक्षेच्या कोर्ससाठी कंपनीनं मला मुंबईला पाठवलं, त्याबद्दलही मी कृतज्ञ आहे. पण साहेबांनी माझं अर्धंच ऐकलं. पट्टी बांधता येऊ नये म्हणून बटनांभोवती लोखंडी कडी बसवली, तरी बांधणाराला निलंबन, आणि बुधवारी साडेपाचच्या आधी कुणालाही गेटपास नाही. पाळी आधी सुरू करायला कामगारांच्या बसचं कंत्राट आड आलं, आणि कोट्याचं नाव काढू नका म्हणाले.

कुणी सांगितलं हे कळायला कुणाला वेळ लागला नाही. गेटवरचं रजिस्टर आत गेलं होतं, आणि गेटवरचा माणूस साहेब होऊन बाहेर आला होता. मी प्रेस शॉपमध्ये शिरलो की बोलणं थांबे. सगळे “नमस्कार साहेब” म्हणत, बटनं दोन हातांनी दाबत. त्यानंतर बुधवारी गेटवरून कुणी हात गुंडाळून गेलं नाही.

जूनमध्ये बायको आणि मुलगी आली. दोन खोल्या, नळ, मागं दोरी बांधायला जागा. मुलीला चिंचवडच्या शाळेत आठवीत घातलं. पहिल्या दिवशी मी तिला सायकलवर सोडायला गेलो. वाटेत ती पाठीमागून म्हणाली, “बाबा, तुमी आता सुटीवर हाय का?” मी म्हणालो, “नाही ग, आता मी घरीच आहे.” तिला ते पटायला सहा महिने लागले.

त्याच दिवसांत मी पेढे घेऊन दादांकडं गेलो. त्यांनी पेढा घेतला, खाल्ला नाही. कागदात गुंडाळून खिशात ठेवला, बहुधा म्हातारीसाठी.

“पोरगी शाळंत गेली का?”

“गेली, दादा.”

“चांगलं झालं. तुमचं घर हिकडं आलं. आमचं लांब गेलं.” त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मुक्कामी गाडी चुकल्यावर दादा आता बुधवारी चाकणपासून दोन कोस चालत जात. काही जण गुरुवारी सकाळी जाऊ लागले, म्हणजे जेमतेम दुपारचं जेवण घरी. काहींनी दर आठवड्याचं जाणंच सोडलं. मी एसटीच्या ऑफिसात अर्ज दिला, की चाकणची मुक्कामी गाडी सहाऐवजी पावणेसातला सोडावी. स्वच्छ अक्षरात लिहिला, खाली साठ-सत्तर जणांच्या सह्या आणि अंगठे घेतले. सही द्यायला दादा आले, याचं मला फार वाटलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की पुढच्या गावांतल्या लोकांची सोय बघता वेळ बदलता येणार नाही. मी पुन्हा लिहिलं. ऐंशी साली पुन्हा. साहेबांकडं पाळीचा विषय दर दिवाळीला काढत राहिलो. ते म्हणायचे, “तुम्ही चिकट आहात हो,” आणि फाईल बाजूला ठेवायचे.

एक सवय मला लागली. बुधवारी साडेपाचला मी घरी न जाता त्यांच्याबरोबर नाशिक रस्त्यावरच्या थांब्यावर जायचो. करायला तिथं काही नसे. कुणाशी थोडं बोलणं व्हायचं, कुणी तोंड फिरवायचं. चाकणची गाडी भरून येई, कधी थांबे, कधी नाही. अशाच एका बुधवारी गाडी बरीच उशिरा आली. दादांना चढता येईना, मी त्यांची पिशवी धरली आणि खालून आधार दिला. दारातून त्यांनी पिशवी घेतली आणि वाकून म्हणाले, “जावा आता तुमी. घरी वाट बघत आस्तील.” आणि गाडी सुटली.

मी सायकल काढली. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मुलगी वही उघडून बसली होती. बायको दारातच होती.

“एवढा येळ?”

“चाकणची गाडी उशिरा आली.”

“चाकणची?” तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “तुमास्नी कुठं जायाचं हुतं?”

मी हातपाय धुतले आणि मुलीच्या गणिताला बसलो.